द्वारकामावशीची रेघ

दोष बापूकाका शेट्यांचा. ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे कोणी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून सांभाळून घ्यायला नको.

“मग ठिपके कोण टाकणार?” द्वारकामावशीने विचारलं.

पुष्कर बोलता बोलता थांबला. तो आळीच्या त्या टोकापासून पळत आला होता, पायात चपलाही नव्हत्या, आणि ओट्यावर टेकायच्या आतच त्याने अर्धी बातमी सांगून टाकली होती. शेट्यांचं अंगण. फाटकापासून पायरीपर्यंत सगळं. त्यांच्या मुलीचा, मृणालचा, पहिला दिवाळसण. उद्या पाडव्याला जावई येणार, व्याही येणार, फोटो काढायला माणूस येणार. आणि रांगोळी काढणार पुष्कर.

“एकवीस ते अकरा, मावशी. मधले ठिपके. चारी कोपऱ्यांना मोर. असं अंगण आळीत कोणाला मिळालंय का आजवर?”

“नाही मिळालं.”

“मग?”

“मग ठिपके कोण टाकणार?”

ती रांगोळी चाळत बसली होती. चाळणी हलत होती, खाली परातीत बारीक पांढरा ढीग होत होता. लक्ष्मीपूजनाची दुपार, घरोघरी चकल्यांचा वास, आणि ही बाई उद्याच्या सगळ्या आळीची रांगोळी चाळत होती.

“मीच टाकेन,” पुष्कर म्हणाला. “कागद आहे माझ्याकडे.”

“कागद...”

उदबत्तीने भोकं पाडलेला जाड कागद. जमिनीवर धरायचा, वर रांगोळी सोडायची, हात फिरवायचा आणि उचलायचा. ठिपके तयार. कोणालाही जमतं. फलटणच्या तांबट आळीत मात्र असा कागद आजवर कोणाच्या घरी नव्हता. तांबट आळीत ठिपके द्वारकामावशी टाकायची. उजाडायच्या आधी डबा घेऊन निघायची आणि दारोदार वाकत जायची. दोरी नाही, माप नाही. चिमूट उघडायची, मिटायची. मागे वळून बघायची गरज तिला पडत नसे. ती पुढच्या दारात गेली, की घरातली सवाष्ण बाहेर यायची आणि ते ठिपके जोडायची. रांगोळी त्या बाईच्या नावाने ओळखली जायची.

मावशी रेघ ओढत नसे.

नवरा गेला तेव्हा ती लहानच होती. सासूने नियम घालून दिला. ठिपके टाकायला हरकत नाही, ती काय, नुसती टिंबं. रेघ मात्र सवाष्णीने ओढायची. हा नियम कुठून आला हे आळीतल्या एकाही म्हाताऱ्याने विचारलं नाही. उलट सगळ्यांना तो सोयीचा पडला. कंबर मोडायचं काम एकीने करायचं, मिरवायचं बाकीच्यांनी. पुढे सासू गेली. नियम राहिला.

आणि तरीही पुष्करला रेघ शिकवली ती तिनेच.

तो चड्डीत असताना तिच्याजवळ येऊन बसू लागला. ती ठिपके टाकायची आणि भिंतीला टेकून बोलायची. “उजवीकडनं ये. घाबरू नको. आता त्याच्या पाठीमागनं जा. श्वास सोड, मग वळव.” बोट हवेत फिरवायची, जमिनीला कधी लावायची नाही. तिच्या बोलण्यावरून पुष्करचा हात चालायचा. तिच्या दारातली रांगोळी हीच त्याची शाळा होती आणि ज्या शाळेतून तो पळाला नाही अशी ही एकच. दर सणाला पहिली रेघ तो मावशीच्या दारात ओढायचा, तिचा एखादा शब्द ऐकायचा, “घट्ट आहे” किंवा “घाई झाली”, आणि मगच दुसऱ्या दारात जायचा.

रेघ सवाष्णीनंच ओढायची तर हा पोरगा कसा चालतो, असं शेजारच्या शालनकाकूने एकदा विचारलं होतं.

“पुरुष कशालाही चालतो,” मावशी म्हणाली होती.

पुन्हा कोणी विचारलं नाही.

“काय म्हणाले बापूकाका?” आता मावशीने विचारलं.

“काही नाही.”

“पुष्कर.”

“म्हणाले... तुम्हाला कशाला त्रास.”

“मला त्रास.”

“हो.”

बापूकाका असं म्हणाले नव्हते. बापूकाका म्हणजे आळीच्या मंडळाचे अध्यक्ष. दर गणपतीत स्त्रीशक्तीवर भाषण करणारे आणि तेवढा वेळ बायकोला स्टेजच्या मागे प्रसादाच्या पिशव्या भरायला बसवणारे. सकाळी ते स्वतः पुष्करच्या घरी आले होते. पुष्करचे वडील मोटार वायंडिंगचं दुकान चालवत. मुलगा इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावापुरती जागा सोडली होती. दुसऱ्या वर्षाला मुलाने कॉलेज सोडलं, जागा तशीच राहिली, आणि घरात बोलणं बंद झालं. बोललेच तर एवढंच: “चिमटीनं पोट भरणार का रे बायकांसारखं?” पण आज बापूकाका दारात बघताच त्यांनी खुर्ची पुसली. आत ओरडून चहा सांगितला आणि सांगताना म्हणाले, “पुष्करलाही टाक गं एक कप.”

त्या एका कपावर पुष्कर विरघळला.

“एकच बघ,” बापूकाका उठताना म्हणाले होते. “तिला आणू नकोस. बाई चांगली आहे, माझं काही नाही. पण पाडवा, नवीन जावई... व्याही जुन्या वळणाचे आहेत. तुला समजतं.”

यांचं सगळं असंच. आपण कोणी वाईट नसतो, शेजारचे नाहीतर व्याही वाईट असतात.

वडिलांनी मान हलवली. मग पुष्करनेही हलवली.

“आणि तू काय म्हणालास?” मावशीची चाळणी हलतच होती.

“मी काय म्हणणार? मोठे आहेत.”

“मोठ्यांचं ऐकायला लागलास. बरं झालं. कॉलेजात परत जा मग.”

पुष्करला लागलं. आणि लागलं की तो समोर कोण आहे ते बघत नसे.

“तुम्ही तरी काय केलंत, मावशी? सासू जाऊन जमाना झाला. कोण उरलंय तुम्हाला अडवणारं? बापूकाकांचं राहू द्या. हे तुमचं दार आहे. स्वतःच्या दारात तुम्ही रेघ ओढत नाही आणि मी मात्र शेट्यांशी भांडायचं? गप्प तुम्ही बसलात. आम्हाला कशाला शूर करताय?”

चाळणी थांबली.

आत कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

“बरोबर आहे,” मावशी म्हणाली.

पुष्करला वाटलं होतं ती चिडेल, हाकलेल. तो गडबडला. विषय बदलायचा म्हणून त्याला जे सुचलं ते त्याने विचारलं.

“मावशी, खरं सांगा. अवघड काय? ठिपका की रेघ?”

“ठिपक्याला हात उचलावा लागतो.”

“आणि रेघेला?”

“टेकवून ठेवावा लागतो.”

“मग यातलं अवघड काय?”

ती परातीतल्या ढिगावरून बोट फिरवत राहिली...

“सकाळी येशील ना?” तिने विचारलं.

“म्हणजे काय. आधी इथं, मग शेट्यांकडे. नेहमीसारखं.”

तो गेला नाही.

जायचंच होतं. पण पहाटे वडिलांनी उठवलं, हो, वडिलांनी, आणि दाराशी सायकल काढून उभे राहिले. “रंगाच्या पिशव्या मी घेतो.” बाप आपल्या पिशव्या घेऊन पुढे चाललाय आणि आपण मागून. पुष्करला वाटलं, आता कुठे थांबलो तर हे सगळं मोडेल. वाटेत मावशीचं दार आलं. पणती जळत होती. जाता जाता त्याने मनात म्हटलं, येताना.

शेट्यांचं अंगण गेरूने लालभडक झालेलं. वर आकाशकंदील, बाजूला केळीचे खांब, पायऱ्यांवर पणत्या. पुष्कर फाटकातच थांबला. इतकी मोठी, इतकी कोरी जमीन त्याने कधी पाहिली नव्हती. त्याला ती सगळी एकदम हवी होती. त्याने कागद पसरला आणि मूठ भरली.

तेव्हा आळीतून पावलं वाजली.

द्वारकामावशी डबा घेऊन येत होती. शेजारच्या दारात वाकली, चिमूट उघडमीट झाली, सरळ झाली. मग शेट्यांच्या फाटकासमोर आली. पुष्कर गुडघ्यांवर, हातात कागद. पायरीवर बापूकाका, नवीन धोतर, अंगाला उटण्याचा वास. ते खाकरले.

मावशी फाटकाबाहेरच उभी राहिली. जमिनीकडे बघितलं.

आत्ता म्हणता आलं असतं. “या ना मावशी.” तीन शब्द. बापूकाका काय करणार होते? पाडव्याच्या पहाटे, जावई वाटेत असताना, दुसरा रांगोळीवाला कुठून आणणार होते? पुष्करला हे कळत होतं. त्याने मान वर केली नाही.

“गेरू ओला आहे अजून,” मावशी म्हणाली. “थोडा दम धर.”

आणि पुढच्या दारात गेली.

“काय म्हणाली ती?” बापूकाकांनी विचारलं.

“काही नाही.”

पुष्कर मात्र थांबला. बोट टेकवून बघितलं, गेरू खरंच ओला होता. वर रांगोळी पडली असती तर सगळा चिखल झाला असता. तो सुकेपर्यंत बसला, वडिलांनी आणलेला चहा प्यायला आणि मग सुरू झाला.

आणि काय सुरू झाला.

कागद धरला, हात फिरवला, उचलला. शेवटच्या ओळीवर पहिली ओळ ठेवून पुन्हा धरला. ठिपके नुसते उगवत गेले. मग चिमूट घेतली आणि पहिली रेघ सोडली, आणि ती जी निघाली ती त्याच्या आधी धावायला लागली. वळण आलं की हात आपोआप वळायचा. पाकळीतून पाकळी, वेलीतून वेल. कोपऱ्यात मोराची मान अशी वाकली की पायरीवर बसलेली शेट्यांची म्हातारी आत्या फराळ सोडून पुढे आली. मृणाल खिडकीतून बघत होती. शेजारच्या बायका फाटकाला चिकटल्या. कोणीतरी म्हणालं, हा हात नाही, मशीन आहे. पुष्करला घाम फुटला होता, गुडघे सोलले होते, आणि त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. निळा भरला. हिरवा भरला. पिसाऱ्यात पिवळा सोडला तेव्हा सूर्य फाटकावर आला आणि अख्खं अंगण पेटलं.

शेवटी हळदकुंकवाची चिमूट वाहून तो उठला. पाठ सरळ होईना.

गाडी आली. जावई उतरला, थबकला, बूट काढून हातात घेतले आणि अंगणाच्या कडेकडेने, भिंत धरून आत गेला. सगळे हसले. त्याच्यामागून व्याही आले, फोन कानाला लावलेला, भाव काय चाललाय ते विचारत. जुनं वळण वगैरे काही दिसलं नाही. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

विहीणबाईंनी बघितलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या.

“कोणाकडे शिकलास रे?”

पुष्करने तोंड उघडलं.

“अहो, उपजतच आहे त्याच्यात,” बापूकाका म्हणाले. “आमच्या आळीचं पोर.”

पुष्करने तोंड मिटलं. कारण तेवढ्यात त्याचे वडील पुढे आले होते. वायंडिंगचं काळं वंगण नखांत तसंच असलेला हात त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझा मुलगा.”

ज्या माणसाकडून वर्षभर एक धड वाक्य मिळालं नाही त्याच्याकडून दोन शब्द मिळाले, की पोरं काय काय विकून टाकतात.

फराळाचं ताट हातात घेऊन पुष्कर निघाला तो धावतच. करंज्या उड्या मारत होत्या. मावशीला सगळं सांगायचं होतं. मोराची मान, जावयाचे बूट, गेरू सुकेपर्यंत थांबलो ते. ती काय म्हणेल? “घाई झाली” म्हणणार नाही, आज घाई झालीच नव्हती. तिच्या दारातले ठिपके तसेच असणार. बसायचं, चिमूट घ्यायची, आजच्या या हाताने जोडून टाकायचे. आज असा हात होता की डोळे मिटूनही जोडले असते.

मावशीच्या ओट्यासमोर शालनकाकू उभी होती. तोंडावर पदर.

“बघ रे,” ती हळूच म्हणाली. “बघ काय केलंय हिनं.”

पुष्करने बघितलं.

ठिपके जोडलेले होते.

छोटंसं कमळ. लहान मुलींना पहिल्यांदा शिकवतात ते. ठिपके तिचे, म्हणजे एकही इकडचा तिकडे नव्हता. आणि त्यांच्यामधून जाणारी रेघ... ती थरथरत गेली होती. एका ठिकाणी दोरखंडासारखी जाड, पुढे जेमतेम दिसेल एवढी. एक पाकळी ठिपक्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. दुसरी त्याला ओलांडून पार पुढे गेली होती आणि तशीच परत आली होती.

मावशी पायरीवर बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत पांढरा झालेला. ठिपके टाकताना तिच्या चिमटीपलीकडे रांगोळी कधी लागत नसे.

“मावशी,” पुष्करने ताट खाली ठेवलं. “तुम्ही ओढलीत?”

“हो.”

“तुम्ही... कधी?”

“तुझी वाट बघितली. मग ओढली.”

ती हसत होती. तिला असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरीसारखं. पुढे वाकून ती त्याच्याकडे बघत होती. ज्या बाईने त्याला इतकी वर्षं एकेका शब्दात पास-नापास केलं, ती आता त्याला विचारत होती:

“कशी आलीय?”

भारी, असं तो म्हणणार होता. मनात तेच होतं. पण सकाळपासून त्याचा हात चालत होता, डोळे चालत होते, आणि डोळे त्या पाकळीवर जाऊन बसले होते.

“भारी आलीय,” तो म्हणाला. “भारीच. फक्त ही एवढी...”

तिचाच डबा पायरीवर उघडा होता. त्याने तो उचलला, उकिडवा बसला, अंगठ्याने ती लांब गेलेली रेघ पुसून टाकली आणि तिथे आपली ओढली. एका झटक्यात, सुरेख, ठिपक्याला ठिपका लागून. मग दुसऱ्या पाकळीकडे अंगठा नेला.

“अरे...” शालनकाकू म्हणाली.

पुष्करने मान वर केली.

मावशी अजून पुढे वाकलेली होती. हसू मात्र राहिलं नव्हतं. रागही नव्हता. ती त्या एका पाकळीकडे बघत होती, सगळ्या कमळात जी तेवढी एकच नीट होती.

कुठेतरी फटाक्यांची माळ लागली.

पुष्करच्या चिमटीतून रांगोळी सांडत होती. “मी फक्त...” तो म्हणाला.

मावशीने हात पुढे केला. पांढरा, उघडा.

“डबा दे आणि घरी जा, पुष्कर. या दारात तुझी रेघ आता कधी लागणार नाही.”